जुन्या धुळ्यातला आळशी रविवार संपला, आणि कॅफेंनी तो परत आणलेला नाही

पांझराकाठ

मागच्या रविवारी आईची औषधं घ्यायला जुन्या गावात गेलो होतो, सवयीने गाडी चार नंबर गल्लीत घातली. तिथे मी २३ वर्षं काढली. बघतो तर ओटा नाही. म्हणजे ज्या घराला ओटा होता ते घरच नाही, तिथे आता काचेचा दरवाजा, वर पिवळे बल्ब टांगलेले आणि बाहेर काळ्या पाटीवर लिहिलंय की वीकेंडला या, निवांत बसा. मी उभा राहून ती पाटी दोनदा वाचली. निवांत बसायला ह्या गल्लीत पाटी लावावी लागते?

ज्यांनी तो ओटा बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. रविवारी सकाळी नऊच्या सुमारास पेटीवाले बाबा एक हार्मोनियम उघडून बसायचे, पेपरावर तिचे सूर, म्हणजे आतल्या पितळी पट्ट्या, ओळीने मांडलेल्या. पितळी पट्टी टोकाला घासली की सूर चढतो आणि बुडाशी घासली की उतरतो हे मला त्यांनी शाळेत असताना शिकवलं, एकदा कानस फिरवायची, तोंडाने फुंकून ऐकायचं, मान हलवायची, परत घासायचं. एका सुराला अर्धा तास जायचा आणि कोणाला काही वाटायचं नाही. शेजारी बोर्ड रंगवणारे पेंटर काका, त्यांचे ब्रश डालडाच्या डब्यात रॉकेलमध्ये बुडवलेले. खडू चोळलेली दोरी दोन्ही टोकांना ताणायची, मधे टिचकी मारली की पत्र्यावर सरळ रेघ, त्या दोरीचं एक टोक धरायला आम्हा पोरांची भांडणं व्हायची. राज्य नाट्य स्पर्धा जवळ आली की तिथेच संवाद पाठ व्हायचे. अकराला पेपरावर भत्ता यायचा, शेव-मुरमुरे-कांदा आणि वर हिरवी मिरची, पैसे कोणी दिले ते कोणी विचारायचं नाही.

ह्या गावाच्या रविवारला वजन होतं हो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलले, २१ फेब्रुवारीला सुरुवात आणि १९ जूनला शेवट, अठरा रविवार अठरा अध्याय, आणि साने गुरुजी ते लिहून घेत होते. एका रविवारी एकच अध्याय! इतिहासाचार्य राजवाड्यांसारखा कोणाशी फारसं न जमणारा, दप्तरं शोधत गावोगाव फिरणारा माणूस शेवटी ह्याच गावात थांबला आणि ३१ डिसेंबर १९२६ ला इथेच गेला. विक्षिप्त माणसांना, कलाकारांना, रिकामटेकड्यांना सांभाळून घेणारं गाव होतं हे. विश्वेश्वरय्यांनी आखलेल्या ह्या सरळ नंबरी गल्ल्या आता नुसती दुकानाची लाईन झाल्यात. माझं स्पष्ट मत आहे की आपण ओटे पाडले आणि बसण्यावर रेट लावला, त्याला प्रगती म्हणू नका.

जुना आग्रा रोड

भाऊ, बाकीचं नंतर, आधी एक दुरुस्ती. गल्ल्या विश्वेश्वरय्यांनी आखल्या हे धुळ्यात सगळे सांगतात पण हिशोब बसत नाही, त्यांचा जन्मच १८६१ चा. इंग्रजांनी १८१८ ला खानदेश घेतला आणि पुढच्याच वर्षी कॅप्टन ब्रिग्जने आग्रा रस्त्यावरचं मधलं गाव म्हणून धुळं निवडलं, कचेऱ्या आणल्या, नवी पेठ वसवली. विश्वेश्वरय्या नोकरीच्या सुरुवातीला इथे होते हे खरं, पण त्यांचं काम पांझरेच्या पाण्याचं, सायफनचं.

हे मुद्दाम सांगतोय कारण मुद्दा तिथेच आहे. ही पेठ मुळात धंद्यासाठी वसवलेली. बाहेरून व्यापारी आणले, दुकानं टाकायला लावली आणि मग ओटे आले. ओटा म्हणजे तरी काय, खाली दुकान नाहीतर पेढी आणि समोर गिऱ्हाईकाला टेकायला जागा. त्या काळच्या जुन्या धुळ्यातल्या म्हाताऱ्यांनी पण ह्या नव्या पेठेकडे बघून हेच म्हटलं असेल जे तुम्ही आज म्हणताय.

पांझराकाठ

दुरुस्ती मान्य, ब्रिग्जचं मला माहीत नव्हतं. पण धंद्याच्या ओट्यावर फुकट बसता यायचं ना? मी फक्त तेवढंच म्हणतोय.

देवपूरची लेक

दादा तुम्ही खूप छान लिहिलंय, पेटीचं वाचताना डोळ्यासमोर आलं सगळं, मी पाच नंबरची. पण एक विचारू का, त्या ओट्यावर तुम्हाला एक तरी बाई बसलेली आठवते का?

मला नाही आठवत. माझी आई आमच्या पाच नंबरच्या घरात सून म्हणून आली ती ३४ वर्षं राहिली, ओटा तिने रोज झाडला, सणाला सारवला नंतर फरशी आली तर पुसला, पण बसली कधीच नाही. तुमचा आळशी रविवार आत कसा जायचा ते सांगते. रविवार म्हणजे वरण-बट्टी. सकाळी सातला जाडसर पीठ, ओवा, मोहन घालून घट्ट मळायचं, त्याच्या गुंडाळ्या करून उकडायच्या, गार झाल्या की कापायच्या आणि मग तुपात तळायच्या, तोवर एकीकडे वरण आणि एकीकडे घोटलेली वांग्याची भाजी, आणि बाहेरून निरोप यायचा की चार माणसं वाढलीत. ही वाढलेली चार माणसं तुमच्या ओट्यावरचीच. मे महिन्यात, धाब्याच्या म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात, चुलीपाशी. शेवटची पंगत तीनला उठायची आणि मग आई खरकट्यात बसून दोन घास खायची.

मी ह्या कॅफेत जाते. कॉफी महाग आहे, मला रोज परवडत नाही. पण जुन्या गावात मैत्रिणीसोबत दोन तास बसले आणि कोणी विचारलं नाही की कोणाची गं तू, इथे काय करते, असं आयुष्यात पहिल्यांदा त्या काचेच्या दरवाजाआड झालं. तुम्ही म्हणता बसण्यावर रेट लावला. आमच्यासाठी तर आधी बसणंच नव्हतं दादा.

खारी माती

मी घर पाडणाऱ्यांपैकी आहे, तुमच्या गल्लीतलं नाही पण शेजारच्या, म्हणून बोलतो. लोकांना वाटतं पैशाच्या हावेपायी पाडलं. धाब्याचं घर सांभाळणं काय असतं ते ऐका. दरवर्षी पावसाळ्याआधी धाब्यावर खारी टाकावी लागते, ती माती आणायची, पसरायची, चोपायची, एक वर्ष चुकलं की सागाच्या कड्यांत पाणी मुरतं आणि वाळवी लागते. पूर्वी खारी टाकणारे ठरलेले गडी होते, आता माणूस मिळत नाही. खाली दोन भाडेकरू, पागडीचे, भाडं महिन्याला ६० रुपये. वर सात वारस, तीन पुण्यात एक सुरतला. २०१९ च्या पावसात मागची भिंत बसली, नशिबाने रात्री कोणी तिकडे झोपलं नव्हतं. त्या भिंतीखाली कोणी गेलं असतं तर ओट्याच्या आठवणी काढायला कोण आलं असतं?

आणि राग मानू नका पण ओट्यावर बसणाऱ्यातला एकही माणूस खारी टाकायला कधी वर चढला नाही.

साक्रीकर पुण्यात

मी कोरेगाव पार्कात नोकरी करतो आठ वर्षं, तिथलं सांगतो म्हणजे पुढचं दिसेल. तिथे १९७४ ला रजनीशांचा आश्रम आला, जगभरचे लोक, झोळी अडकवलेले, कोणी चित्र काढतंय कोणी बासरी वाजवतंय, बंगल्यातल्या खोल्या भाड्याने घेऊन राहायचे, जुने लोक सांगतात की रविवार काय आणि सोमवार काय सगळं एकच होतं. मग त्या वातावरणाचंच नाव झालं आणि नावावर भाव चढला. आता ज्या रस्त्यावरून मी जातो तिथे हॉटेलं, पब, शोरूम, शनिवारी रात्री गाडी लावायला जागा नाही, आणि ज्यांच्यामुळे नाव झालं तसली माणसं तिथे खोली घेऊच शकत नाहीत. जागा कलाकारांची म्हणून विकली गेली, कलाकार सोडून.

धुळ्यात भाव तेवढे चढणार नाहीत असं वाटतं ना, कोरेगाव पार्कातल्या लोकांनाही तेच वाटायचं. जिभाऊ, तुम्हनं म्हननं खरं शे.

देवपूरची लेक

साक्रीकर, पुण्याचा नियम इथे लावू नका. तिथे पैसा बाहेरून आला, इथे गल्लीतलीच पोरं नाशिक-पुण्याहून परत येऊन काहीतरी करतायत. धुळ्यातून पोरं जातात हीच मोठी अडचण आहे ना आपली?

दोन कटिंग

मी त्याच कॅफेत काम करतो, तुम्ही पाटी वाचत उभे होते ते मी आतून पाहिलं, आत यायला हवं होतं काका. आमचा मालक करोडपती नाही, कर्ज काढून टाकलंय, सोमवार ते शुक्रवार चार टेबलं भरत नाहीत, जे काय चालतं ते शनिवार-रविवार संध्याकाळी. माझी सुट्टी मंगळवारी असते, तेव्हा सगळे मित्र कामावर असतात. रविवार निवांत मिळावा म्हणून कोणीतरी उभं असतंच, ताईंच्या आईचं वाचून मला माझंच वाटलं.

पण एक कबूल करतो. पोरं एक कॉफी घेऊन तीन तास बसली तर मला जाऊन विचारावं लागतं की अजून काही आणू का. तसं सांगितलेलं आहे. ते विचारताना मला बरं वाटत नाही.

पांझराकाठ

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. ताई, तुमच्या प्रश्नाला उत्तर नाही माझ्याकडे, मी रात्री आईला विचारलं की तू ओट्यावर कधी बसायचीस का, ती म्हणाली संध्याकाळी दिवे गेले की. तेवढंच. हे मला ५१ व्या वर्षी कळलं. खारी माती भाऊ, मी पण कधी वर चढलो नाही, खरं आहे.

तरी मी माझं म्हणणं सोडत नाही. ओटा चुकीचा होता कारण तिथे बायकांना जागा नव्हती, तर मग बायकांना जागा असलेला ओटा हवा होता, ओटाच नको असं कसं? वरच्या दोन कटिंगवाल्या भावाने जे सांगितलं, अजून काही आणू का, ह्या एका वाक्यात सगळा फरक आहे. पेटीवाले बाबा एका सुराला अर्धा तास घ्यायचे ते जमलं कारण हे वाक्य त्यांना कोणी म्हणत नव्हतं. चाळीसगावला केकी मूसांचं घर बघून या कधी, स्टेशनजवळच आहे, आपल्याकडून तासाभराची गाडी. विलायतेत शिकलेला माणूस, अनेक वर्षं त्या एका बंगल्यात राहून फोटो काढत बसला, टेबलावर छोट्या वस्तू मांडून असा उजेड पाडायचा की आख्खा देखावा वाटावा. १९८९ ला गेले. असं काम घड्याळावर होत नाही, आणि दर तासाला बिल येतं तिथे तर नाहीच. सार्वजनिक जागा तरी सोडाव्यात, पांझरेकाठी, बागेत, वाचनालयाच्या पायरीवर, जिथे बाई असो बुवा असो कोणी उठवणार नाही. दुकानदारांवर माझा राग नाही, नगरसेवकांना कोणी हे मागतच नाही ह्याचा राग आहे.

जुना आग्रा रोड

हे मागणं बरोबर आहे, ह्याला माझा पाठिंबा. पण मग धाग्याचं नाव बदला, त्यात कॅफेवर खापर फोडलंय.

पांझराकाठ

नाव राहू दे. मी रागातच लिहिलं होतं आणि राग खोटा नव्हता.

देवपूरची लेक

दादा, पेटीवाले बाबा आहेत का अजून? कुठे असतात?

पांझराकाठ

आहेत. देवपूरला मुलाकडे, तिसऱ्या मजल्यावर. हात थरथरतो म्हणून कानस धरवत नाही, वाजवतात मात्र रोज, खाली आवाज जातो म्हणून खिडकी लावून. रविवारी सकाळी जाणार आहे मी, भत्ता घेऊन. दोन कटिंग, तुला सुट्टी नसेल ना.

दोन कटिंग

आमचं अकराला उघडतं. नऊला येतो.

देवपूरची लेक

मी पण येते. आईला विचारलं तर ती पण येते म्हणाली, तिला बाबांची पेटी आतल्या घरात ऐकू यायची म्हणे. तिचे गुडघे दुखतात, तेवढं लिफ्ट आहे का ते विचारून ठेवा.