पाडलेल्या घराचा राडारोडा रस्त्याखाली घालावा का? (सांगली-मिरज)

मिरजकर
गेल्या मार्चमध्ये आमचं मिरजेतलं जुनं घर उतरवलं. खाली दगड, वर भाजक्या विटा आणि मागच्या बाजूला वडिलांनी नंतर टाकलेला स्लॅब. सळई भंगारवाल्यानं नेली, दारं-चौकटी विकल्या, धड विटा शेजाऱ्यांनी कुंपणाला नेल्या. उरला तो राडारोडा, 14 ट्रॉल्या. कुठं टाकणार असं विचारलं, तर ट्रॅक्टरवाला म्हणाला, "आमचं ठिकाण ठरल्यालं हाय." तिसऱ्या खेपेला मी त्याच्या मागनं गेलो. एका ओताच्या, म्हणजे पावसाचं-पुराचं पाणी वाहून नेणाऱ्या नैसर्गिक नाल्याच्या, काठावर त्यानं ट्रॉली उचलली. आमच्या माजघराच्या भिंतीचे तुकडे, पिवळा चुना अजून अंगावर असलेले, घरंगळत पाण्यात गेले. मी त्याला थांबवलं नाही. पैसेही मीच दिले. ते डोक्यातून जात नाही.

2019 ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. पूर ज्या ओतांतून शहरात शिरतो त्यांतूनच ओसरतोही, आणि आपण तेच बुजवतोय. दुसरीकडं रस्त्याच्या भरावासाठी डोंगर पोखरून मुरूम आणतोय. माझं म्हणणं एवढंच, की हा राडारोडा फोडून, चाळून रस्त्याच्या खालच्या थरात घालावा. 2016 च्या केंद्राच्या नियमांत सरकारी आणि पालिकेच्या कामांत असा माल 10 ते 20 टक्के वापरण्याची तरतूद होती. रस्त्यात तो कसा वापरायचा याची इंडियन रोड्स काँग्रेसची (रस्तेबांधणीचे निकष ठरवणारी संस्था) मार्गदर्शिका 2017 साली आली. दिल्लीत बुराडीला 2009 पासून प्रकल्प चालू आहे. मग आपल्याकडं का नको?

पलूसचा शेतकरी
माझा ठाम विरोध. आमच्या पाणंदीवर हा प्रयोग होऊन गेलाय. उन्हाळ्यात कुणीतरी शहरातला राडारोडा आणून पसरला, वरनं रोलरच्या दोन फेऱ्या मारल्या आणि रस्ता झाला म्हणून सांगितलं. पहिल्या पावसात माती वाहून गेली, वर राहिल्या फरशीच्या कपच्या आणि खिळे. माझ्या बैलाच्या खुरात बाथरूमच्या टाईलचा तुकडा रुतला, बोटभर आत. पंधरा दिवस जनावर जागचं हललं नाही, ऐन पेरणीत. ट्रॉलीचे टायर किती फुटले ते तर मोजलेच नाहीत. शहरानं घरं पाडायची आणि घाण आमच्या रानात आणून टाकायची, याला पुनर्वापर म्हणू नका.

साईटवरचा
दादा, तुमच्याबरोबर झालं ते चूकच, त्याची बाजू मी घेणार नाही. पण तो राडारोडा जसाच्या तसा ओतला होता. मिरजकर म्हणतायत ती चीज वेगळी आहे.

मी रस्त्यांच्या कामावर असतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आधी लाकूड, प्लास्टिक, फरशी, काच हातानं वेचायची. काँक्रीट आणि वीट वेगळी करायची. मग क्रशर. सळईचे तुकडे चुंबकाला लागतात, माती चाळणीतनं खाली जाते. राहिली ती खडी लोखंडी पिंपात पोलादी गोळ्यांबरोबर 500 फेरे फिरवतात आणि किती झिजली ते बघतात. वेट मिक्सच्या, म्हणजे डांबराखाली पाणी मिसळून दाबलेल्या खडीच्या, थरासाठी ही झीज 40 टक्क्यांच्या आत लागते. चांगल्या काँक्रीटची खडी यात सहसा पास होते.

विटेचं तसं नाही. घरी करून बघा: कोरडी वीट वजन करा, रात्रभर बादलीत ठेवा, सकाळी परत तोला. तीन किलोची वीट अर्धा किलो पाणी पिऊ शकते. आपला काळा दगड एक-दोन टक्क्यांच्या वर सहसा जात नाही. त्यामुळं सगळा राडारोडा एकत्र दळून रस्त्यात घालायला माझाही विरोध आहे. काँक्रीटचा भाग खालच्या थराला, विटेचा चुरा फार तर फुटपाथच्या भरावाला नाहीतर पेव्हिंग ब्लॉकला.

शामरावनगर
आमच्याकडं खाली सगळी काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. चांगल्या खडीचा रस्ता दोन वर्षं टिकत नाही, त्यात हे पाणी पिणारं काय टिकणार?

साईटवरचा
काळ्या मातीत रस्ता फुटतो तो मुख्यतः पाणी बाहेर न पडल्यामुळं. गटार नसेल तर वर काळा दगड घाला नाहीतर काँक्रीटची खडी, दोन्ही खचणारच. पण वीट तिथं नकोच, हे तुमचं बरोबर आहे.

डंपर-खडी
मी या धंद्यात आहे, तेव्हा माझा फायदा यात आहे हे आधीच सांगून टाकतो. पण हिशोब करा. सांगली-मिरज-कुपवाड मिळून 2011 च्या जनगणनेत 5 लाखांचं शहर. इथं रोज इमारती पडत नाहीत. प्लांट बसवला तर चार महिने चालेल, आठ महिने गंजेल. आमची खाण गावाच्या उशाला, खडी डंपरमध्ये भरून तासाभरात साईटवर. राडारोडा गोळा करायचा, वेचायचा, फोडायचा, तपासायचा, त्यानंतर जो दर येईल तो कुठला ठेकेदार देणार? दिल्लीची गोष्ट दिल्लीत.

मिरजकर
दराचा मुद्दा मान्य, पण अर्धाच. तुमच्या खडीच्या दरात रॉयल्टी आहे, डिझेल आहे. गेलेला डोंगर नाही. आणि ओत साफ करायला पालिका जेसीबी लावते तो खर्च राडारोड्याच्या खात्यावर कुणी मांडतच नाही. प्लांटच कशाला? चाकावरचा क्रशर मिळतो. सांगली, तासगाव, विटा, कऱ्हाड यांनी मिळून एक घ्यावा, माल साठेल तिथं आठ-पंधरा दिवस उभा करावा. कऱ्हाडला कोल्हापूर नाक्यावरचा जुना उड्डाणपूल सहापदरीकरणात पाडला, असलं स्वच्छ काँक्रीट तर थेट क्रशरला घालण्यासारखं.

डंपर-खडी
पुलाचं काँक्रीट असेल तर मी स्वतः विकत घेईन. पण तुमच्या 14 ट्रॉल्यांत काँक्रीट किती होतं? मागचा एक स्लॅब. बाकी वीट, चुना, माती. जुन्या सांगली-मिरजेत पडणारी बहुतेक घरं अशीच आहेत.

मिरजकर
हे खरं आहे. स्लॅबच्या तीन ट्रॉल्या असतील. मग निदान त्या तीन वेगळ्या भराव्यात, आणि उरलेल्या अकरांना ओताच्या काठाऐवजी पालिकेनं नेमून दिलेली जागा असावी. आज मिरजेत कुणी घर पाडलं तर ट्रॅक्टरवाला नेईल तीच जागा.

पलूसचा शेतकरी
चर्चा चांगली चाललीय, पण माझी भीती गेलेली नाही. क्रशर, चुंबक, पिंप सगळं मान्य. टेंडरमध्ये 20 टक्के लिहिलं, की ठेकेदार 80 घालणार. तपासणीला जाणारी खडी एक आणि पहाटे अंधारात रस्त्यावर पडणारी दुसरी. पाणंदीवर आमच्यासमोर कुणी नमुना घेतला नव्हता, तरी कागदावर काम उत्तम होतं. एकदा राडारोड्याला नियमानं दार उघडलं, की कचरा ओतणाऱ्याच्या हातात सरकारी कागद येतो. तेव्हा पाणंदीला नकोच. तिथं बघायला इंजिनिअर येत नाही.

साईटवरचा
याच्यावर माझ्याकडं पुरतं उत्तर नाही. मी स्वतः असे रिपोर्ट बघितलेत. सुरुवात पाणंदीवर करू नये, याला माझी सहमती. शहरातल्या एखाद्या गल्लीत शंभर मीटर करावं, गटार आधी बांधून. टेंडरमध्ये हा थर वेगळ्या बाबीत लिहावा, खडीच्या बाबीत मिसळू नये, म्हणजे किती घातलं ते मोजता येतं.

शामरावनगर
आमची गल्ली घ्या. गटार आधी, हे मात्र लेखी पाहिजे.

पलूसचा शेतकरी
आणि नमुना डंपरमधनं घेऊ नका. रस्त्यावर पसरल्यावर, गल्लीतली चार माणसं उभी असताना, ती दाखवतील त्या जागेवरून फावड्यानं उचला. तेवढं झालं तर मी बघायला येतो.