कच्च्या कैद्याला घरी राहून मनोविकारावर उपचार घेता येतील का?

सातारकर:
माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या बंद झाल्यानंतर शेजाऱ्यांशी मारामारी झाली आणि तो आता न्यायालयीन कोठडीत आहे. मुलाखतीच्या वेळी तो माझ्याशी नव्हे, तर शेजारी कोणी उभे असल्यासारखा बोलत होता. त्याला जामीन मिळून घरी राहून उपचार घेता येतील का?

वकील_पुणे:
तशी तरतूद आहे. मनोविकारामुळे आरोपी स्वतःचा बचाव करण्यास असमर्थ असल्याचे न्यायालयाला आढळले, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६९ नुसार (१ जुलै २०२४ पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३३०) गुन्हा अजामीनपात्र असला तरी जामीन देता येतो. मात्र त्याला रुग्णालयात दाखल करण्याची गरज नसावी आणि तो जवळच्या रुग्णालयात नियमित बाह्यरुग्ण उपचार घेईल व कोणाला इजा करणार नाही, अशी हमी नातेवाइकाने किंवा मित्राने द्यावी लागते. नुसते निदान पुरेसे ठरत नाही, न्यायालय वैद्यकीय तपासणी करून घेते. तोवर नेहमीचा जामीन अर्जही करता येतो. कोठडीतील व्यक्तीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

समाजकार्यकर्ती:
ताई किंवा दादा, जामिनाची वाट न पाहता जुने केसपेपर आणि गोळ्यांची चिठ्ठी आजच कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी अर्जासोबत द्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. खरी कसोटी सुटकेनंतर लागते. माणूस संध्याकाळी बाहेर येतो, हातात न्यायालयाचा आदेश असतो, पण रात्रीची गोळी नसते. म्हणून आतील उपचारांची कागदपत्रे व काही दिवसांची औषधे आधीच मागून ठेवा आणि जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात पुढची तारीख ठरवा. रोज गोळी घेण्यास तो तयार नसेल, तर दीर्घकाळ परिणाम टिकणाऱ्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. मधल्या काळात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते.

ज्याला हमी देणारे कोणीच नाही, त्याचे काय, हा प्रश्न मला सतत छळतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये समाजात राहण्याचा हक्क आणि निमनिवासी केंद्रे (रुग्णालय व घर यांच्या मधल्या टप्प्यात राहण्याची सोय, म्हणजे हाफवे होम) दोन्ही आहेत. प्रत्यक्षात अशी केंद्रे फार थोडी असल्याने सगळा भार कुटुंबावर येतो.

वकील_पुणे:
एक राहिले. कलम ३६९ खालील सुटका म्हणजे निर्दोष मुक्तता नव्हे. भाऊ सावरला की खटला पुन्हा सुरू होऊ शकतो, त्यामुळे बाह्यरुग्ण विभागाची प्रत्येक नोंद जपून ठेवा आणि एकही तारीख चुकवू नका.