आतल्या खोलीत वायफाय पोचत नाही, चार कॉम्प्युटर, बजेट ४,००० : काय घ्यावं?

चौथा_मजला
दहिसरला जुन्या बिल्डिंगमध्ये दोन फ्लॅट जोडून घेतलेत. मधली भिंत नऊ इंची, फक्त दारापुरती फोडलेली. राउटर केबलवाल्याने दिलेलाच, हॉलमध्ये टीव्हीच्या शोकेसमध्ये. नवऱ्याचा ऑफिसचा लॅपटॉप, माझा, मुलीचा जुनापुराणा आणि सासऱ्यांचा डेस्कटॉप. सासरे आतल्या खोलीत बसून शेअर बघतात. सव्वातीनला नेट गेलं की साडेतीनपर्यंत घरात कुणी कुणाशी बोलत नाही. डेस्कटॉपला यूएसबीचं वायफाय लावलंय, एक काडी येते, कधी तीही नाही.
शिवाय पासवर्ड म्हणजे नवऱ्याचा मोबाईल नंबर. केबलवाल्याने लावला तो तसाच आहे, अख्ख्या मजल्याला पाठ.
चार हजारांवर एक रुपया नाही. आणि भिंतीला भोक नको, गणपतीआधीच रंग काढलाय.

पार्लेकर_जुना
मेश घ्या (दोन-तीन राउटर मिळून घरभर एकच वायफाय), विषय संपला. मी तीन नगांचा घेतला, अठरा हजार. गच्चीत बसून मॅच बघतो. स्वस्तातलं घेऊन दोनदा रडायचं कशाला?

चौथा_मजला
काका, बजेट चार हजार लिहिलंय हो.

पार्लेकर_जुना
हप्त्यावर मिळतो.

खटपट्या
काही घेण्याआधी राउटर शोकेसमधून बाहेर काढा. टीव्हीच्या मागे, काचेच्या आत ठेवला तर बिचारा काय करणार? उंचावर आणि त्या फोडलेल्या दारासमोर येईल असा ठेवा. मध्ये लोखंडी कपाट असेल तर तेही बघा, पत्र्यातून सिग्नल जात नाही.
दुसरं, राउटरचे सिग्नल दोन प्रकारचे असतात. ५ गीगाहर्ट्झ वेगवान असतो पण नऊ इंची भिंतीत दम तोडतो. २.४ हळू, पण भिंतीपलीकडे जास्त पोचतो. दोघांना वेगवेगळी नावं द्या आणि सासऱ्यांना २.४ वर टाका. मुलीच्या जुन्या लॅपटॉपला बहुतेक ५ दिसतच नसेल. २.४ मध्ये १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल (सिग्नलच्या मार्गिका) एकमेकांवर चढत नाहीत. फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर टाकून बघा, शेजारीपाजारी सगळे एकाच चॅनलवर बसलेले सापडतील. तुम्ही दुसरा धरा.

गिरगाव_खोली_१२
वायर टाका वायर. भोक कशाला? दार आहे ना मध्ये? चौकटीवरून पांढऱ्या पट्टीतून न्या, रंगाला धक्का नाही. कॅट सिक्स या नेटच्या केबलवर १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट आरामात जातं, तुमचं घर काय तेवढं लांब नाही. लॅमिंग्टन रोडला जा, पण वायरवर सीसीए लिहिलेलं असेल तर घेऊ नका. आत अ‍ॅल्युमिनियम, वर तांब्याचा नुसता मुलामा. मी एकदा फसलोय. वळवली तिथे तुटली, आणि दुकानदार म्हणतो "साहेब, तुम्ही वाकवलीत".

शुद्ध_आणि_स्पष्ट
लॅमिंग्टन रोड नव्हे. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. नाव बदलून जमाना झाला.

गिरगाव_खोली_१२
ग्रँट रोड स्टेशनबाहेर उभं राहून भडकमकर मार्ग विचारून दाखवा. मी वडा घेऊन वाट बघतो.

मुलुंड_पूर्व
अवांतर : मुलुंडला कुणाचं नेट चांगलं आहे?

रात्रपाळी
स्पीडचं सगळे सांगतायत, पासवर्डकडे कुणी बघायला तयार नाही. २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधी धमकीचा मेल गेला तो आपल्या सानपाड्यातून, एका अमेरिकन माणसाच्या उघड्या वायफायवरून. त्याचा काही संबंध नसताना चौकशीचं लचांड त्याच्या मागे लागलं. तुमच्या मजल्यावर कोण काय बघतं तुम्हाला ठाऊक आहे का?
मोबाईल नंबर म्हणजे नुसते दहा आकडे. फोन वायफायला जोडताना राउटरशी होणारी देवाणघेवाण कुणी पकडली तर चांगल्या ग्राफिक कार्डावर तो पासवर्ड काही तासांत निघतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून लिहा, तुम्हाला लक्षात राहतील आणि दुसऱ्याला सुचणार नाहीत. सेटिंगमध्ये सिक्युरिटी (वायफायचं कुलूप) डब्ल्यूपीए२ एईएस तरी हवीच. डब्ल्यूपीए३ (२०१८ सालचं) असेल तर उत्तम, पण मुलीचा लॅपटॉप ते ओळखणार नाही, तेव्हा दोन्हींचा मिश्र पर्याय निवडा.
डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा. त्याचा पिन आठ आकडी, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा. त्यामुळे दहा कोटींऐवजी अकरा हजार प्रयत्नांत काम होतं, हे २०११ मध्येच उघड झालंय.
आणि राउटरच्या सेटिंगच्या पानाचा पासवर्ड वेगळा असतो, तोही बदला. त्या पानाचा पत्ता राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर असतो. आत गेल्यावर जोडलेल्या उपकरणांची यादी बघाच.

नाना_बोरिवली
एवढं कशाला? नेटवर्कचं नाव लपवा आणि मॅक फिल्टर लावा, म्हणजे यादीतल्या उपकरणांनाच आत घेतो. माझ्याकडे दहा वर्षं आहे. कुणाची हिंमत नाही.

रात्रपाळी
नाना, लपवलेलं नाव फुकटच्या सॉफ्टवेअरने काढता येतं आणि मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) मिनिटात नकलता येतो. शिवाय हल्लीचे फोन आपणहून मॅक बदलतात. तुमचाच नातू बाहेर राहील.

नाना_बोरिवली
राहतोच तो बाहेर. म्हणून तर अभ्यास होतो.

दादरची_सून
पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क (त्याच राउटरवरचं वेगळं वायफाय) चालू करा. मे महिन्यात आमच्याकडे भाचा आला, त्याने काय डाउनलोड केलं देव जाणे, माझ्या कॉम्प्युटरवरचे हिशोबाचे दोन वर्षांचे फोल्डर उघडेनात. तेव्हापासून भाचा, टीव्ही आणि कॅमेरा गेस्टवर. प्रिंटर मात्र तिकडे टाकू नका, मग तो लॅपटॉपला सापडत नाही. मी अर्धा दिवस प्रिंटरच बिघडला समजून रडत होते.

ठाणेकर_विनय
रिपीटर (राउटरचा सिग्नल पुढे ढकलणारा डबा) तेवढा घेऊ नका. तोच सिग्नल ऐकतो, तोच परत बोलतो, वेग अर्ध्यावर येतो. माझा माळ्यावर पडलाय.

गिरगाव_खोली_१२
+१. वायर टाका.

चौथा_मजला
सगळ्यांचे आभार. रविवारी बसले.
यादीत चौदा उपकरणं निघाली, घरातली मोजून नऊ. एकाचं नाव "५५ इंची टीव्ही". आमचा ३२ आहे. पासवर्ड बदलला, डब्ल्यूपीएस बंद केलं, आणि रात्री आठ दहाला समोरच्या वहिनींनी बेल वाजवली : "अगं, तुमचंही नेट गेलंय का?" मी हो म्हटलं.
राउटर शोकेसच्या डोक्यावर चढवला, चॅनल ११ केला. आत आता दोन काड्या येतात. वायर सासऱ्यांनी चौकटीवरूनही नको म्हटलं, रंग त्यांच्या पैशांचा आहे. म्हणून रिपीटरच आणला, चौदाशेला. दारासमोरच्या प्लगमध्ये लावलाय आणि डेस्कटॉप त्यालाच छोट्या वायरने जोडलाय, यूएसबी काढून टाकलं. वेग अर्धा झाला असेल, पण त्यांना शेअरचे आकडेच तर बघायचेत. सोमवारी साडेतीनला त्यांनी स्वतःहून चहा मागितला.

ठाणेकर_विनय
रिपीटर! सांगितलं होतं नको. माझा फुकट दिला असता.

पार्लेकर_जुना
सहा महिन्यांनी मेश घ्याल, तेव्हा हा धागा वर काढा.

घाटकोपर_वेस्ट
राउटर कुठे ठेवलाय? शोकेसमधून काढून बघा. चॅनल पण बदला.