जॉन वुल्फ: आधी मक्तेदारांशी भांडला, मग त्यांच्याच वतीने झडत्या घेतल्या. फितूर म्हणायचं का?

खिळेवाला
जुन्या छापखान्यांच्या गप्पांत लंडनच्या जॉन वुल्फचं नाव निघालं की ठरलेली गोष्ट सांगितली जाते: तरुणपणी बंडखोर, पद मिळताच फितूर. मला ती पटत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वुल्फने जॉन डे या बड्या मुद्रकाकडे उमेदवारी केली आणि मग इटली गाठली. १५७६ साली फ्लॉरेन्समध्ये त्याच्यासाठी छापलेल्या चोपड्या आजही आहेत. तो लंडनला परतला तेव्हा हमखास खपाचं सगळं काम एलिझाबेथ राणीच्या सनदांनी वाटून झालेलं होतं. बायबल आणि सरकारी कायदे क्रिस्टोफर बार्करकडे, वकिलांची पुस्तकं रिचर्ड टॉटेलकडे, मुलांची अंकलिपी आणि चर्चमध्ये गायची स्तोत्रं खुद्द डेकडे. उरलेल्यांनी काय छापायचं? पोवाडे, जाहिराती आणि कुणाचं तरी प्रवचन.

वुल्फ सरळ दुसऱ्यांची सनदी पुस्तकं छापायला लागला. कागदोपत्री तो मासेविक्रेत्यांच्या संघाचा सभासद होता. लंडनच्या रिवाजाप्रमाणे एका संघात राहून दुसरा धंदा करता येई, त्यामुळे मुद्रक-पुस्तकविक्रेत्यांच्या स्टेशनर्स कंपनीचा हुकूम त्याच्यावर धड चालेना. दोनदा क्लिंकच्या तुरुंगात जाऊन आला. १५८३ च्या मोजणीत त्याच्याकडे ३ छापयंत्रं सापडली, आणि नंतर गुप्त तळघरात आणखी २. राणीच्या मुद्रकाकडे, म्हणजे बार्करकडे, तेव्हा ५ होती. तेव्हा 'बिचारा गरीब मुद्रक' हे चित्र आधी डोक्यातून काढा.

दुसऱ्याची पुस्तकं का छापतोस, असं विचारल्यावर त्याचं उत्तर होतं: मला जगायचंय म्हणून. १५८३ च्या मध्यावर तो स्टेशनर्स कंपनीत आला. डेचा मुलगा रिचर्ड याच्या सनदेतलं काम त्याला मिळू लागलं, आणि १५८७ मध्ये तो कंपनीचा बीडल झाला. म्हणजे निरोप्या, चोपदार आणि झडतीदार, तिन्ही एकात.

माझं म्हणणं एवढंच की सनदा नसाव्यात असं हा माणूस मुळात म्हणतच नव्हता. सनदेच्या आत जागा द्या, हे त्याचं भांडण. जागा मिळाली, भांडण मिटलं. धंद्यातला माणूस धंद्यासारखा वागला, त्यात फितुरी कसली?

बिनसनदी
खिळेवाले, तुम्ही 'मला जगायचंय' तेवढं उचललंत आणि त्याचं दुसरं वाक्य सोयीने गाळलंत. तो म्हणाला होता: ल्यूथर एकटाच होता आणि त्याने धर्माच्या बाबतीत सगळं जग सुधारलं, या धंद्याचा कारभार सुधारणारा तो एकटा माणूस मी आहे. ही काय जागा मागणाऱ्याची भाषा झाली? लोक त्याच्या मागे उभे राहिले ते या भाषेवर. सभा झाल्या, शहरातल्या सामान्य लोकांना सनदांविरुद्ध चिथवल्याची तक्रार झाली.

आणि मागे कोण होते, तर रॉजर वॉर्डसारखे. वॉर्डने डेच्या अंकलिपीच्या १०,००० प्रती चोरून छापल्या आणि स्टार चेंबरच्या, म्हणजे राणीच्या मंत्र्यांच्या कोर्टात खेचला गेला. नेत्याने मांडवली केली की मागचे उघड्यावर पडतात, हे आपल्याकडे गिरणगावात कुणाला सांगायला नको.

शिवाय झडत्या नुसत्या कागदावर नव्हत्या. एप्रिल १५८८ मध्ये कंपनीने प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट पंथाचा मुद्रक रॉबर्ट वाल्डग्रेव्ह याचं यंत्र जप्त केलं, त्याचे छपाईचे खिळे नासवले. बिशपांची टिंगल करणारी चोरटी पत्रकं 'मार्टिन मारप्रिलेट' या टोपणनावाने निघत. त्यांत वुल्फचा उल्लेख 'जॉन वुल्फ ऊर्फ मॅकियावेल' (म्हणजे कपटी राजकारणासाठी बदनाम इटालियन लेखक मॅकियावेली) असा येतो आणि वाल्डग्रेव्हच्या मालाचा छळकुटा जल्लाद म्हणून येतो. त्या काळच्या लोकांनीच निकाल दिलाय. आपण चारशे वर्षांनी वकिली कशाला करायची?

जुनी_वखार
दोघांनाही एक आठवण करून देते. ल्यूथरचं वाक्य आणि 'मला जगायचंय', दोन्ही आपल्यापर्यंत आली ती वुल्फच्या विरोधकांनी केलेल्या तक्रारीतून. फिर्यादीच्या कागदावर आरोपीचा स्वभाव ठरवताना जरा जपून. राणीच्या अमलात 'हा स्वतःला ल्यूथर समजतो' असं वरच्यांच्या कानावर घालणं म्हणजे 'हा बंडखोर आहे, याला आवरा' असं सांगणंच की. तो तसं म्हणालाही असेल, आवेशी माणूस होता. पण त्यावर अख्खं तत्त्वज्ञान उभारू नका.

बिनसनदी
मग 'मला जगायचंय' पण सोडा! खिळेवाल्यांचा सगळा डोलारा त्याच वाक्यावर उभा आहे.

खिळेवाला
त्या वाक्यावर नाही, त्याच्या वागण्यावर उभा आहे. भांडण सुरू होण्याआधी त्याने स्वतःसाठी सनद मागितली होती आणि ती नाकारली गेली. (हेही बार्करच्या बाजूचं म्हणणं, जुनी_वखार ओरडायच्या आत सांगून टाकतो.) पण तडजोड झाल्यावर त्याने रिचर्ड डेच्या सनदेखाली जी स्तोत्रं छापली, ती त्याच्याच नावानिशी छापलेली आहेत. तिथे फिर्यादीचा संबंध नाही. सनद तत्त्वतः पाप वाटणारा माणूस हे काम हाती घेईल?

जुनी_वखार
ते मान्य. पण भांडणातून निघालं काय, ते तुम्ही दोघंही सांगत नाही. जानेवारी १५८४ मध्ये बड्या सनदधारकांनी आपल्या काही पुस्तकांवरचा हक्क सोडून ती कंपनीच्या हवाली केली, गरीब मुद्रकांना काम मिळावं म्हणून. बार्कर, टॉटेल, डे, सगळे त्यात आले. आपणहून कोणता मक्तेदार असं करतो? वुल्फ, वॉर्ड आणि मंडळींनी दोन वर्षं जिणं नकोसं केलं म्हणून केलं. तेव्हा 'मागचे उघड्यावर पडले' हे अर्धसत्य आहे. वॉर्ड पडला, त्याचं सामान पुढेही जप्त होतच राहिलं. पण सगळ्यांच्या हाती काहीच लागलं नाही असं नाही.

बिनसनदी
यादी बघितलीत का त्या पुस्तकांची? चालणारं घरात ठेवून पडीक माल गरिबांना वाटलाय. बायबल दिलं का? अंकलिपी दिली का? आणि लगेच जून १५८६ चा स्टार चेंबरचा हुकूम आला: छपाई लंडनमध्येच, बाहेर फक्त ऑक्सफर्ड आणि केंब्रिजला एकेक यंत्र, आर्चबिशपच्या परवानगीशिवाय नवा छापखाना नाही. दोन वर्षांच्या भांडणाचं फळ हे. आणि या हुकुमाची अंमलबजावणी करायला बीडल कोण? तोच.

पोटमाळा
तुम्ही सगळे सनदेत अडकलात. वुल्फ मला आवडतो तो वेगळ्याच कारणासाठी. १५८४ मध्ये, म्हणजे जेव्हा तो म्हणे 'माणसाळला', तेव्हाच त्याने लंडनमध्ये बसून मॅकियावेलीचं 'प्रिन्स' इटालियनमध्ये छापलं आणि मुखपृष्ठावर ठोकून दिलं: पालेर्मो, अमुक अमुक अंतोनिएल्लोच्या वारसांकडून. असा कुणी अंतोनिएल्लो पालेर्मोत नव्हता. त्याच वर्षी अरेतिनो या इटालियन लेखकाचे वाह्यात संवाद काढले, तेही खोट्या ठिकाणाच्या नावाने. पोपने ही पुस्तकं १५५९ पासून बंदीच्या यादीत टाकलेली. इंग्रजीत 'प्रिन्स' छापून यायला १६४० उजाडलं! एका हाताने देवाची स्तोत्रं, दुसऱ्या हाताने मॅकियावेली. मारप्रिलेटने शिवी म्हणून 'मॅकियावेल' म्हटलं खरं, पण नेम भलताच अचूक लागला.

मला तरी हा माणूस विकला गेलेला वाटत नाही. वरून कंपनीचा शिपाई, आतून जुनाच उद्योगी.

जुनी_वखार
पोटमाळा, यात शौर्य शोधू नका. पोपची बंदी लंडनमध्ये कुणाला बाधत होती? प्रोटेस्टंट गावात पोपने बंदी घातलेलं पुस्तक म्हणजे फुकटची जाहिरात. इटालियन पुस्तक इटलीत छापलेलं दिसलं तरच गिऱ्हाईक त्याला खरं मानणार, म्हणून पालेर्मो. आणि लंडनमध्ये इटालियन नीट जुळवू शकणारा मुद्रक म्हणजे वुल्फच; फ्लॉरेन्सला शिकलेलं इथे कामाला आलं. मला त्याचं कौतुक आहे, पण ते कारागीर आणि विक्रेता म्हणून.

पोटमाळा
पोपची बंदी नाही बाधली, पण लंडनचे बिशप अरेतिनो वाचून टाळ्या वाजवणार होते का? नाव लपवायला दोन कारणं असू शकतात की.

मांडवीकाठी
उशिरा आलो. वुल्फचं एक पुस्तक गोव्याच्या माणसाला माहीत असायलाच हवं आणि इथे अजून कुणी त्याचं नाव घेतलेलं नाही, म्हणून लिहितो.

यान हायगेन व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ मध्ये आर्चबिशपचा कारकून म्हणून गोव्यात आला आणि पाचेक वर्षं राहिला. त्याचं प्रवासवर्णन १५९६ मध्ये अॅमस्टरडॅमला निघालं. १५९८ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर बाजारात आणलं ते जॉन वुल्फने, 'लंडन शहराचा मुद्रक' हे बिरुद लावून. गोव्याच्या मोठ्या रस्त्यावरचा रोजचा लिलाव, माडापासून काय काय होतं, आंबा, फणस, पोर्तुगीजांचा डामडौल आणि आतून पोखरलेला कारभार, सगळं त्यात आहे. शिवाय समुद्रमार्गाच्या सूचना आणि नकाशे. पोर्तुगीज जे जपून ठेवत होते ते चौकात मांडलं. १६०० च्या शेवटच्या दिवशी ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली, त्याआधी दोन वर्षं हे पुस्तक लंडनच्या व्यापाऱ्यांच्या हातात होतं.

त्यात गोव्यात कैद झालेल्या इंग्रजांची हकीकतही आहे. त्यांतल्या राल्फ फिचने पुढे स्वतः लिहून ठेवलं की त्यांच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत एक इंग्रज पाद्री होता, फादर स्टीफन्स. हाच आपला 'ख्रिस्तपुराण'वाला, ज्याचं मराठी पुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं.

आता तुमच्या वादात माझा आणा: पोर्तुगालच्या राजाचा समुद्रावरचा मक्ता फोडायला मदत करणारं पुस्तक, मक्ते फोडत मोठा झालेल्या मुद्रकाने काढलं. हे मला बीडलगिरीपेक्षा मोठं वाटतं.

बिनसनदी
आणि त्यातून नवी सनद जन्मली, ईस्ट इंडिया कंपनीची! तिने पुढे आपलं काय केलं ते सांगू का? मांडवीकाठी, माहिती झकास, पण हा मुद्दा वुल्फच्या बाजूने जात नाही.

मांडवीकाठी
पुस्तक काढणाऱ्याने दीडशे वर्षांनंतरच्या प्लासीचा हिशेब द्यायचा का? मग लिन्सखोटेनलाही धरा.

खिळेवाला
बिनसनदींनी वाल्डग्रेव्हला हुतात्मा केलाय, म्हणून पुढचं सांगतो. तो पळून स्कॉटलंडला गेला आणि १५९० मध्ये तिथल्या जेम्स राजाचा मुद्रक झाला. राजाच्या नेमणुकीने, रीतसर! हाही फितूर का? की सनद मिळाली की सगळेच घेतात?

बिनसनदी
घेऊ दे ना. वाल्डग्रेव्ह सनद मिळाल्यावर दुसऱ्याच्या घरात शिरून खिळे नासवत फिरला का? माझा आक्षेप पगारावर नाही, त्या झडतीवर आहे.

जुनी_वखार
मग त्याच्यावरही झडती आली ते ऐका. १५९९ मध्ये वुल्फने जॉन हेवर्डचं इंग्लंडच्या चौथ्या हेन्री राजावरचं पुस्तक काढलं, एसेक्सच्या सरदाराला अर्पण करून. राजाला गादीवरून खाली ओढल्याची गोष्ट आणि अर्पण राणीच्या डोळ्यात खुपणाऱ्या माणसाला! चौकशीत वुल्फने सांगितलं की अर्पण कुणाला करायचं हे त्याने आणि हेवर्डने मिळून ठरवलं, आणि पुस्तक तुफान खपलं. अर्पणपत्रिका कापायला लावली. पुढची १५०० प्रतींची आवृत्ती होत आली होती, ती स्टेशनर्स कंपनीच्या वॉर्डनांनी, म्हणजे पदाधिकाऱ्यांनी उचलली आणि लंडनच्या बिशपकडे ती जाळली गेली. हेवर्ड लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत गेला. वुल्फ १६०१ मध्ये वारला.

पोटमाळा
बघा! शेवटपर्यंत नाक खुपसायची खोड गेली नाही.

खिळेवाला
मला यातही खपच दिसतो. एसेक्स तेव्हा आयर्लंडच्या मोहिमेवर निघालेला, गावभर त्याचंच नाव. त्याच्या नावावर पुस्तक विकलं जाणार हे वुल्फला कळत होतं.

बिनसनदी
म्हणजे ल्यूथर म्हणवून घेतलं ते विक्रीसाठी, मॅकियावेली विक्रीसाठी, एसेक्स विक्रीसाठी. मग झडत्याही पगारासाठी. खिळेवाले, तुम्ही त्याचा बचाव करताय की माझी बाजू मांडताय? तो बीडल असताना रॉजर वॉर्डच्या दारात कंपनीची माणसं गेली तेव्हा त्याला काय वाटलं असेल, एवढं एक सांगा.

खिळेवाला
वाटलं असेल की बरं झालं, आपण दाराच्या या बाजूला आहोत. यापेक्षा उदात्त काही मी त्याच्या तोंडी घालणार नाही.

बिनसनदी
ठीक. मग 'फितूर' हा शब्द मी मागे घेत नाही.