खानावळ एक दिवस बंद ठेवू का? आणि निवेदनात नेमकं काय मागावं?

साताऱ्याचा खानावळवाला

नमस्कार मंडळी. एसटी स्टँडजवळ आमची खानावळ आहे, वडिलांनी 1994 ला सुरू केलेली. महागाईवर सरकारने हातभार लावावा म्हणून आमच्या भागातले हॉटेलवाले येत्या गुरुवारी एक दिवस बंद ठेवून कलेक्टरना निवेदन देणार आहेत. निवेदनाचा मसुदा काल हातात आला. त्यात पंधरा मागण्या आहेत, पार पार्किंगपर्यंत.

माझं दुखणं सांगतो. थाळी 120 रुपये, टॅक्स धरून. 2024 च्या सप्टेंबरात केंद्राने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं आणि तेलाचा डबा भडकला. पुढच्या मे महिन्यात कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क कमी झालं, पण माझ्या दुकानदाराचा भाव काही जुन्या जागी आला नाही. गॅसचं टेन्शन दर एक तारखेला. घरच्या सिलिंडरवर 5 टक्के जीएसटी, आमच्या 19 किलोच्या सिलिंडरवर 18.

त्यात भाडं 30,000. मालकांकडे जीएसटी नंबर नाही, म्हणून 10 ऑक्टोबर 2024 पासून भाड्यावरचे 18 टक्के मीच भरतो. महिन्याला 5,400, म्हणजे 45 थाळ्यांचा अख्खा गल्ला. परतावा शून्य.

भाकरी करणाऱ्या मावशी सकाळी साडेनऊला परात पुढ्यात ओढून बसतात ते तीन वाजेपर्यंत उठत नाहीत. त्यांची हजेरी 500. बंदच्या दिवशी ती मी देईन, पण सगळे देतील का? बंदमध्ये उतरू का?

जीएसटीची कामं करणारा

दादा, परतावा का मिळत नाही ते आधी सांगतो. 15 नोव्हेंबर 2017 पासून रेस्टॉरंटचा दर 5 टक्के झाला आणि त्याच दिवशी इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला टॅक्स वळता करून घ्यायची सोय, गेलं. गिऱ्हाईकाला 5 दिसतात, पण गॅस, भाडं, भांडीकुंडी यांवरचा टॅक्स तुमच्या खर्चात मुरतो. हीच मागणी पुढे न्या. मात्र ती जीएसटी परिषदेची बाब आहे, कलेक्टर फक्त कागद वर पाठवतील. विजेचे दर वीज नियामक आयोग ठरवतो. त्यामुळे एकाच निवेदनात सगळं कोंबू नका.

आता तुमच्यापुरतं. वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या आत आहे का? दारू नाही, ॲपवरून विक्री नाही? मग कंपोझिशनचा, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेचा, विचार करा. दर तिथेही 5 टक्केच, फक्त बिलावर टॅक्स वेगळा लावता येत नाही, आणि तो तुम्ही तसाही लावत नाही. मालकाऐवजी भाडेकरूने भरायच्या भाड्यावरच्या या उलट्या टॅक्समधून कंपोझिशनवाल्यांना 16 जानेवारी 2025 पासून वगळलंय. अर्ज नवं आर्थिक वर्ष लागायच्या आत, 31 मार्चपर्यंत करावा लागतो.

ठाण्याचा परमिट रूमवाला

14 जुलै 2025 च्या बंदमध्ये मी होतो. आहार या हॉटेलवाल्यांच्या संघटनेने हाक दिली होती. मागण्या मोजक्याच: दारूवरचा व्हॅट 5 चा 10 टक्के केला, परवाना शुल्क 15 टक्क्यांनी आणि उत्पादन शुल्क 60 टक्क्यांनी वाढवलं, ते मागे घ्या. रिक्षावाल्यालाही अर्ध्या मिनिटात समजावता यायचं. पंधरा मागण्या कोण वाचणार? माझ्या अकरा पोरांना त्या दिवसाची हजेरी दिली. ते आधी ठरवून घ्या, नाहीतर आपल्या बंदचा फटका त्यांनाच.

सिव्हिलला रात्रपाळी करणारी

वॉर्डातल्या पेशंटचे नातेवाईक तुमच्यासारख्यांकडेच जेवतात, दादा. खेड्यातून आलेल्या माणसाला त्या दिवशी वडापाववर ढकलू नका, एवढंच.

साताऱ्याचा खानावळवाला

सगळ्यांचे आभार. साहेब, उलाढाल साठ लाखांच्या आसपास आहे, ॲपवर आम्ही नाही, पार्सल आणि डबे तेवढे. गेले वर्षभर 5,400 भरतोय आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. उद्याच आमच्या सीएंना विचारतो.

ताई, तुमचं पटलं. खानावळ चालू ठेवतो. सकाळच्या मोर्चाला मात्र मी जाणार, गल्ल्यावर धाकटा भाऊ बसेल. मसुद्यातल्या इनपुट क्रेडिटच्या मागणीला माझ्या भाड्याच्या टॅक्सची बारा चलनं जोडा, असं मीटिंगमध्ये सांगणार आहे. आणि कामगारांची हजेरी ही पहिली ओळ म्हणून लिहून घेतो.

मावशींना आत्ताच सांगितलं, गुरुवारी या. त्यांनी विचारलं, पीठ किती भिजवू?