रेग्युलेटर ऑथोराइज्ड डीलरकडून घेऊ की बाहेरच्या स्वस्त साईटवरून?

देवबागचो_झील

नमस्कार मंडळी. मी देवबागचा, स्क्युबा डायव्हिंगचा अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स झालाय आणि या सीझनपासून डाइव्हमास्टरचं (टूरिस्टना पाण्याखाली नेणाऱ्या गाइडचं) ट्रेनिंग सुरू करतोय. सेंटरचा रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासाला देणारा तो सेट) रोज दहा जणांच्या तोंडातून फिरतो, आता स्वतःचा सेट घ्यायचा ठरवलंय. फर्स्ट स्टेज (सिलिंडरवर बसते ती), सेकंड स्टेज (तोंडात धरायची), ऑक्टो (दुसऱ्याला द्यायची जादा सेकंड स्टेज), गेज, शिवाय मास्क आणि फिन्स, जमलं तर डाइव्ह कॉम्प्युटर. मुंबईच्या ऑथोराइज्ड डीलरने रेग्युलेटर सेटचे ६४ हजार सांगितले, तेच मॉडेल बाहेरच्या एका साईटवर ४३ हजाराला आहे आणि भावोजी दुबईहून गणपतीला येणार आहेत, ते येताना घेऊन येतो म्हणतात. साईटवर खाली बारीक अक्षरात लिहिलंय की कंपनीची वॉरंटी नाही, आमची स्वतःची आहे.

२१ हजार आमच्यासाठी थोडे नाहीत, जून ते सप्टेंबर दर्या बंद, तेव्हा हातात काही येत नाही. काही जण म्हणतात असा ग्रे मार्केटचा माल म्हणजे डुप्लिकेट, काही म्हणतात माल तोच, फक्त डीलरचं कमिशन वाचतं. खरं काय ते वापरणाऱ्यांनी सांगा. आणि एक दोस्त सांगतोय सिलिंडर पण मागवून टाक, त्याचं काय करू?

खारं_पाणी

दादा, मी इन्स्ट्रक्टर आहे आणि आमच्या सेंटरचे रेग्युलेटर मीच उघडते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ग्रे मार्केट आणि डुप्लिकेट हे वेगळे प्रकार आहेत. कंपनी प्रत्येक देशात वेगळा डिस्ट्रिब्युटर नेमते, दर वेगळे असतात, मग कोणीतरी जिथे स्वस्त मिळतं तिथून लॉट उचलतो आणि दुसरीकडे विकतो. माल त्याच फॅक्टरीतला असतो. डुप्लिकेट किंवा बिननावाचा माल म्हणजे ज्याच्यावर ईएन २५० या युरोपियन मानकाचा शिक्काच नाही असा, त्याच्याकडे बघूही नकोस. खऱ्या सेटच्या स्टेजवर ईएन २५० ए असं कोरलेलं मिळतं, त्यातला ए म्हणजे ती सेकंड स्टेज ऑक्टो जोडून, दोघांनी एका सिलिंडरवर श्वास घेतला तरी पुरते अशी टेस्ट झाली आहे. तू डाइव्हमास्टर होणार, पाहुणा घाबरून तुझाच ऑक्टो ओढणार, तेव्हा हे बघूनच घे.

आता खरी अडचण. फर्स्ट स्टेजमध्ये २०० बारची हवा आत येते आणि ती भोवतालच्या प्रेशरपेक्षा साधारण ९-१० बार जास्त इतकी करून होजमध्ये सोडली जाते, आणि हे सगळं काम एक छोटीशी प्लास्टिकची सीट आणि दोन-चार ओ-रिंग करत असतात. त्या झिजतात. बहुतेक कंपन्या वर्षाला किंवा १०० डाइव्हला सर्व्हिस सांगतात, काही कंपन्या दरवर्षी तपासणी आणि दोन वर्षांनी पूर्ण ओव्हरहॉल सांगतात. टूरिस्टना घेऊन सकाळ-दुपार उतरणाऱ्या माणसाचे १०० डाइव्ह दिवाळीपासून होळीपर्यंत सहज होतात. आणि सर्व्हिस किट मोठ्या कंपन्या कोणालाही विकत नाहीत, ट्रेनिंग घेतलेल्या टेक्निशियनला आणि डीलरलाच देतात. डीलरने सिरियल नंबर बघून सांगितलं की हा सेट आमच्या चॅनेलचा नाही तर काही जण पैसे घेऊन करून देतात, काही जण सरळ हात वर करतात. काही ग्रे विक्रेते तर सिरियल नंबर खरवडूनच पाठवतात, माल कुठल्या डिस्ट्रिब्युटरकडून फुटला ते कंपनीला कळू नये म्हणून, आणि मग उद्या त्या मॉडेलचं रिकॉल निघालं तर तुझा पीस त्यात येतो की नाही हे तुला कळणारच नाही. म्हणून नंबर नसलेला सेट फुकट दिला तरी घेऊ नकोस असं माझं मत.

सप्टेंबरात मी सेट उघडते तेव्हा सगळ्यात आधी योकच्या (सिलिंडरवर अडकवायच्या कडीच्या) आतला तो बारीक जाळीचा फिल्टर बघते. स्वच्छ असेल तर पितळी चमकतो. हिरवट झाला असेल तर खारं पाणी आत गेलंय, कोणीतरी डस्ट कॅप न लावता बादलीत बुडवला. तांबूस असेल तर स्टीलच्या सिलिंडरचा गंज, काळपट असेल तर कॉम्प्रेसरच्या फिल्टरचं काम बाकी आहे. मग आयपी गेज (होजमधलं प्रेशर दाखवणारा) लावते, काटा साडेनऊवर येऊन थांबला की ठीक, थांबल्यावरही हळूहळू वर सरकत राहिला तर सीट गेलेली असते आणि तो सेट आज ना उद्या फ्री-फ्लो होणार, म्हणजे हवा आपोआप वाहत सुटणार. हे सगळं कळून उपयोग काय, जर हातात किट नसेल? पावसाळ्यात चार महिने दमट हवेत पडलेला सेट ऑक्टोबरात थेट पाण्यात घेऊन जातात त्यांच्यासाठी मला खरंच काळजी वाटते.

मास्क, फिन्स, स्नॉर्कल, बूट दुबईहून बिनधास्त मागव, त्यात सर्व्हिसचा प्रश्नच नाही. मास्क मात्र चेहऱ्याला लावून बघितल्याशिवाय नको.

निवतीचो_दर्यावर्दी

झिला, माका एकच सांग, सर्विस खंय करतलंस? बाकीचा सगळा मगे. निवतीच्या लाइटहाउसकडे करंट कसो असता ता तुका ठावक आसा, थंय ओढ लागली काय माणूस दुप्पट हवा खाता, आणि रेग्युलेटर जड लागाक लागलो काय मोठो माणूस पण घाबरता. रेग्युलेटर म्हणजे नांगराचो दोर, तेच्यात पैशे वाचव नको. खंयचोय घे, पण तो उघडणारो माणूस आधी शोध, मगे पैशे दी.

भरती_ओहोटी

मी थोडं वेगळं सांगतो. मी रत्नागिरीचा, कामानिमित्त बाहेर होतो, माझा सेट ग्रे मार्केटचाच आहे आणि उत्तम चालतो. पण मी घेताना मॉडेल असं निवडलं की जे जगभर हजारो सेंटर भाड्याने देतात, साध्या अनबॅलन्स्ड पिस्टनची फर्स्ट स्टेज, स्क्युबाप्रोच्या एमके २ सारखा प्रकार. त्यात पार्ट कमी, उघडायला सोपा, आणि ज्या टेक्निशियनकडे मी देतो त्याला आधी फोन करून विचारलं होतं की सेट बाहेरून आणला तर करशील का, तो हो म्हणाला तेव्हाच ऑर्डर टाकली. ज्याला हे जमत असेल त्याने डीलरलाच जास्त पैसे द्यावेत असं मी म्हणणार नाही. आपल्याकडून डीलर म्हणजे मुंबई, पुणे नाहीतर गोवा, सर्व्हिसला पार्सलच करावं लागतं, मग डीलरचा माणूस काय आणि दुसरा चांगला टेक्निशियन काय.

पण साईटवर ऑर्डर करताना या गोष्टी बघ नाहीतर २१ हजार वाचून सेट घरात पडून राहील. कनेक्शन योक आहे की डिन (आट्यांनी फिरवून बसतं ते) हे बघ, आपल्याकडे सेंटरवर बहुतेक योक, डिन घेतलास तर अडॅप्टर लागतो आणि तो डोक्यामागे आणखी पुढे येतो. युरोपच्या साईटवर सेलमध्ये नायट्रॉक्सचा (जास्त ऑक्सिजनवाल्या हवेचा) सेट स्वस्त दिसला तर अजिबात हात लावू नको, तिकडे नायट्रॉक्सला एम २६ चं कनेक्शन असतं, ते आपल्या साध्या डिनवरही बसत नाही आणि योकवर तर नाहीच. गेज बारमध्ये आहे का बघ. अमेरिकन गेज पीएसआयमध्ये येतो आणि आपल्या बोटीवर सगळे बारमध्ये बोलतात, इन्स्ट्रक्टरने पाण्याखाली खुणेने ५० बार विचारलं आणि तुझा काटा ७२५ वर, हा हिशोब तिथे करत बसायचा नसतो.

आणि आपल्या पाण्यासाठी एक. कर्ली नदीच्या मुखाजवळ, संगमाच्या बाजूला गाळ किती असतो ते तू रोज बघतोस. उघड्या पिस्टनच्या चेंबरमध्ये तो जाऊन बसतो. डायफ्रामवाला (पिस्टनऐवजी पडदा असलेला), सील्ड प्रकार घेतलास, अ‍ॅपेक्सचे किंवा एमके १७ सारखे, तर आत पाणी आणि रेती जात नाही. माझा साधा पिस्टन मी प्रत्येक डाइव्हनंतर गोड्या पाण्यात भिजवून ठेवतो, तुला रोज तेवढा वेळ मिळणार नाही. तुझ्या कामाला सील्डच हवा, आणि सील्डची सर्व्हिस किचकट, म्हणजे तुझ्या बाबतीत डीलरकडे झुकणारं पारडं जड आहे हे मीही मान्य करतो.

कोर्टाची_पायरी

कायद्याचं थोडं सांगतो कारण इथे दरवेळी कोणीतरी म्हणतं की ग्रे माल बेकायदेशीर आहे. तसं नाही. सॅमसंगच्या प्रिंटरच्या केसमध्ये दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठाने २०१२ मध्ये सांगितलं की ट्रेड मार्क्स अ‍ॅक्ट १९९९ च्या कलम ३० खाली अस्सल माल बाहेरून आणून विकता येतो, फक्त विक्रेत्याने ठळकपणे लिहायला हवं की हा माल आयात केलेला आहे आणि कंपनीची वॉरंटी आणि सर्व्हिस त्याला नाही. म्हणजे साईटने ते बारीक अक्षरात लिहिलंय तेच तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. साईटची स्वतःची वॉरंटी म्हणजे बिघडलेला सेट तू स्वखर्चाने परदेशात पाठवायचा आणि परत येताना कस्टमला समजावत बसायचं.

भावोजींना बिल सोबत ठेवायला सांगा. बॅगेजची सूट एका मर्यादेपर्यंतच असते, वर गेलं तर डिक्लेअर करून ड्युटी भरावी लागते. कुरिअरने मागवलंत तर ड्युटी आणि हाताळणीचा खर्च धरून मग ४३ ची तुलना ६४ शी करा, फरक बराच आटतो.

खारं_पाणी

सिलिंडरचं राहिलं होतं. ते डोक्यातून काढून टाक. गॅस सिलिंडर रूल्स २०१६ खाली सिलिंडर बाहेरून आणायला लायसन्स लागतं, आणि ते काम नागपूरच्या पेसो या सरकारी सुरक्षा संस्थेकडे आहे, रिकामा असला तरी नियम तोच. ते सोडलं तरी अमेरिकन सिलिंडरच्या गळ्याला पाऊण इंची आटे असतात आणि युरोपियनला एम २५, दोन्ही दिसायला सारखे. एम २५ चा व्हॉल्व्ह पाऊण इंची गळ्यात ढिला का होईना बसतो, घट्ट झाला असं वाटतं, आणि भरताना १५०-२०० बारला आटे सोडून बंदुकीतून सुटल्यासारखा बाहेर येतो. तो कॉम्प्रेसरजवळ उभ्या असलेल्या पोराला लागतो, तुला नाही. कुठलंही नीट चालणारं सेंटर कागद नसलेला सिलिंडर भरणार नाही, आणि भरत असेल तर तिथे उभा राहू नकोस. सेंटरचे ११.१ लिटरचे अ‍ॅल्युमिनियमचेच वापर.

देवबागचो_झील

सगळ्यांचे आभार, ताई तुमचे विशेष. काल डीलरला फोन लावला आणि निवतीच्या काकांनी विचारायला सांगितलं तेच विचारलं. त्यांच्याकडे टेक्निशियन आहे, त्या मॉडेलचं किट स्टॉकला असतं म्हणाले. ऑनलाइन लावलेला भाव कमी करता येत नाही पण पहिल्या वर्षाची सर्व्हिस आणि ऑक्टोची लांब होज त्यातच देतो म्हणाले. सील्ड डायफ्रामवालाच घेतोय, अर्धे आता आणि अर्धे दिवाळीनंतर. फिन्स आणि बूट भावोजी आणतील. कॉम्प्युटरचं अजून कळत नाही, तो बाहेरून घेतला तर चालेल का?

भरती_ओहोटी

कॉम्प्युटर चालेल, पण ज्याची बॅटरी स्वतःला बदलता येते असाच घे, काहींची सर्व्हिस सेंटरलाच बदलावी लागते आणि तिथे परत सिरियल नंबरचं रामायण. सिलिंडरचं प्रेशर सेन्सरने दाखवणारा वायरलेस प्रकार आत्ता नको, साधा गेज पुरे.

खारं_पाणी

डीलरकडे घ्यायला जाशील तेव्हा त्यांच्यासमोर सिलिंडरला लावून आयपी गेजवर काटा बघून घे, पाच मिनिटं थांब, सरकतोय का बघ. मग व्हॉल्व्ह बंद करून सेकंड स्टेजमधली हवा संपेपर्यंत ओढ, तोंडात तसाच धरून ठेव, हवा आत शिरायला नको. बिलावर फर्स्ट आणि सेकंड स्टेज आणि ऑक्टो, तिघांचे सिरियल नंबर वेगवेगळे लिहून घे, नुसतं मॉडेलचं नाव नको. आणि घरी आल्यावर त्याच दिवशी कंपनीच्या साईटवर रजिस्टर कर, रिकॉल निघालं तर मेल त्या पत्त्यावर येतो.