मदत हवी आहे: रोजचे चार तास लोकलमध्ये जातात, एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) कधी करू?

अंबरनाथ_पूर्व
नमस्कार. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ब्रँच इलेक्ट्रॉनिक्स. राहते अंबरनाथला, कॉलेज अंधेरीला. सकाळी ६.४०ला घर सोडते. दादरला उतरून पूल, मग पश्चिमेची गाडी, मग शेअर रिक्षा. घरी यायला पावणेआठ, गाडी रखडली तर साडेआठ.

तिसऱ्या सेमला एम-थ्रीची केटी लागली, म्हणजे नापास झाले, पेपर पुन्हा द्यायचाय. आता मेमध्ये तो पेपर आणि चौथ्या सेमचे पेपर एकदमच. अटेंडन्स ७५ टक्के लागते, म्हणजे दांड्या मारून घरी बसायची सोय नाही.

टाइमटेबल तीन वेळा केलं. ९ ते ११ एम-थ्री, ११ ते १२ चालू विषय. चौथ्या दिवशी वहीवर डोकं ठेवून झोपले होते, आईने उठवलं. पोमोडोरोही केलं, २५ मिनिटं अभ्यास आणि ५ मिनिटं सुट्टी. पण आमचं घर वन रूम किचन, भावाची यंदा दहावी. पंचवीस मिनिटांत एकदा दूध उतू जातं आणि दोनदा बेल वाजते.

पीजी परवडणार नाही, त्यामुळे कृपया तो सल्ला नको. बाकी काहीही सांगा.

टेबलफॅन
पहाटे चारला उठायचं. आम्ही कंदिलाच्या उजेडात शिकलो.

जुनी_पासधारक
काका, ती ६.४०ला घराबाहेर पडते हो. चारला उठली तर डोंबिवली यायच्या आत दांड्याला धरून झोपेल.

अगं, मी एकोणीस वर्षं याच लाइनवर लेडीज डब्यात काढली. तू अंबरनाथला उभी चढतेस ना? रिटर्न ये. पंधरा-वीस मिनिटं लवकर निघायचं, बदलापूरला जाणारी गाडी पकडायची आणि तीच गाडी उलटी निघते तिच्यात बसून राहायचं. दादरपर्यंत तासाच्या वर बैठक मिळते. त्या डब्यात बायका मेथी निवडतात, पोथी वाचतात, मी खात्याच्या दोन परीक्षा तिथेच काढल्या. तुझ्या घरात सलग तास नाही, तो गाडीत आहे.

एक मात्र सांभाळ. कॉलेजचं कन्सेशन घराजवळच्या स्टेशनपासूनच मिळतं, त्यामुळे अंबरनाथ-बदलापूर पास वेगळा काढ. थोडक्या पैशांत होतो. टीसीने धरल्यावर 'रिटर्न येत होते' हे कारण चालत नाही.

एक्स_केटी
ताईंचा उपाय चांगला आहे, पण त्याआधी एक विचारतो. प्रॅक्टिकलचं जर्नल कधी लिहितेस? मला दोन केट्या लागल्या होत्या आणि कारण अभ्यास कमी हे नव्हतंच, कारण सबमिशन होतं. आठवडाभर फक्त नोंद कर. काय करायचं ठरवलंय ते लिहू नकोस, प्रत्यक्षात काय केलंस ते लिही. रात्री आठवून लिहिलंस तर आपण स्वतःला फसवतो, त्यामुळे तिथल्या तिथे मोबाइलमध्ये टाक.

टेबलफॅन
हिशेब लिहिण्यात वेळ घालवण्यापेक्षा त्या वेळात अभ्यास होईल.

अंबरनाथ_पूर्व
आठ दिवसांनी येतेय, सॉरी. नोंद केली. मलाच लाज वाटली.

जर्नल आणि असाइनमेंट: ७ तास ४० मिनिटं. त्यातलं निम्मं मैत्रिणीच्या फाइलवरून उतरवणं.
लेक्चर संपल्यावर कॅन्टीनमध्ये 'सगळ्या जमल्या की निघू': रोज ५० मिनिटं. हे मी कधी मोजलंच नव्हतं, कारण बसल्या बसल्या घरी जायचंच असतं ना.
एम-थ्री: आठवड्याचे मिळून ५५ मिनिटं.

एक्स_केटी
लाज कसली, सगळ्यांचं असंच निघतं. आता प्रॅक्टिकल झालं की त्याच दिवशी कॉलेजमध्येच जर्नल लिही. रीडिंग्ज डोळ्यांसमोर असतात, ग्राफ वीस मिनिटांत होतो. शनिवारी तेच काम तासाचं होतं, वर व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, काही आठवत नाही. कॅन्टीनचे पन्नास मिनिटं त्यालाच दे. मैत्रिणींनाही बसव, नाहीतरी त्यांनाही लिहायचंच आहे.

आणि गाडीत सरसकट 'अभ्यास' नको. दादर-अंधेरी उभं राहून फक्त फॉर्म्युले. एम-थ्रीतलं लाप्लासच्या फॉर्म्युल्यांचं टेबल कार्डावर लिहून आयकार्डाच्या पाऊचमध्ये मागच्या बाजूला सरकव, बॅग उघडावी लागत नाही. बसायला मिळालं तर गणितं. रविवारी सकाळी एकच जुना पेपर, घड्याळ लावून. घरी जमत नसेल तर जवळची अभ्यासिका शोध. रात्री एम-थ्री बंद. दिवसभर उभं राहून आलेल्या माणसाने रात्री नऊला फुरिए सीरिज घेऊन बसणं म्हणजे स्वतःचा छळ आहे.

जुनी_पासधारक
रात्री जेवण झाल्यावर उद्याची गणितं फक्त वहीत उतरवून ठेव, सोडवू नकोस. सकाळी गाडीत पुस्तक आणि वही दोन्ही मांडीवर मावत नाहीत.

अंबरनाथ_पूर्व
ताई, आज पहिल्यांदा रिटर्न आले. खिडकी नाही, पण तिसरी सीट मिळाली. ठाण्यापर्यंत चार गणितं झाली, सगळी पहिल्या शिफ्टिंग थिअरमवरची. पाचव्याला शेजारच्या मावशी म्हणाल्या, "जरा सरक ग," आणि मी चौथ्या सीटच्या काठावर आले. तिथे वही राहत नाही, अर्धा पाय बाहेर असतो.

जर्नलचं दोन प्रॅक्टिकलांना जमलं, तिसऱ्याला मॅडमनी लॅब लवकर बंद केली.

इन्व्हर्स लाप्लासचं काय करू? पार्शल फ्रॅक्शन गाडीत हमखास चुकतात. एक ओळ लिहिली की धक्का बसतो.

एक्स_केटी
ते रविवारी. गाडीत सोडवायचंच नाही.

जुनी_पासधारक
चौथ्या सीटवर बॅग पुढे मांडीवर घे आणि वही तिच्यावर ठेव. आणि मावशींना विचारून ठेव कुठे उतरणार ते. घाटकोपर असेल तर पुढची जागा तुझी.